कागदाच्या चिटोऱ्याएवढ्या जोराने सॅटेलाइट कसा हलणार? तुम्ही विचारलंत म्हणून

छोट्या सॅटेलाइट्सच्या प्लाझ्मा थ्रस्टरबद्दल (विजेने प्लाझ्मा, म्हणजे चार्ज झालेल्या कणांचा गॅस, मागे फेकून सॅटेलाइटला ढकलणारं छोटं इंजिन) बोलायला लागले की एक प्रश्न हमखास येतो: अहो, तळहातावर कागदाचा चिटोरा ठेवला तर जेवढा दाब जाणवेल तेवढाच जोर ना त्याचा, मग त्याने सॅटेलाइट हलणार कसा?

जोराचं म्हणणं खरंच आहे. एक मिलीन्यूटन म्हणजे पृथ्वीवर साधारण 100 मिलीग्रॅमचं वजन. पण वर त्याला अडवणारं जवळपास काही नसतं, आणि थ्रस्टर तासन्‌तास चालू ठेवता येतो, त्यामुळे वेग साठत जातो. 10 किलोच्या सॅटेलाइटला एक मिलीन्यूटन सलग 24 तास लावला तर वेग सेकंदाला साडेआठ मीटरने बदलतो. केमिकल इंजिन हेच काम काही सेकंदांत करतं, मान्य, पण त्यातून गॅस बाहेर पडतो साधारण सेकंदाला 2-3 किलोमीटरने आणि आयन थ्रस्टरमधून (प्लाझ्मा थ्रस्टरचाच एक प्रकार) आयन, म्हणजे चार्ज झालेले अणू, पडतात 20-30 किलोमीटरने, म्हणजे त्याच कामाला जेमतेम दहावा हिस्सा इंधन. एवढ्याशा डब्यात ही बचत फार मोठी आहे.

खरी अडचण जोराची नाहीच, विजेची आहे, आणि ते कोणी विचारत नाही. 10 सेंटिमीटरच्या क्यूबसॅटच्या (ठोकळ्यासारखा छोटा सॅटेलाइट) एका बाजूवर ऊन पडतं 13-14 वॉटचं, त्यातून चांगल्या पॅनेलने सुद्धा मिळतात चारेक वॉट, ते पण उन्हात असेपर्यंत. आणि सेकंदाला 20 किलोमीटरच्या वेगाने एक मिलीन्यूटन हवा असेल तर नुसत्या आयनांच्या झोतालाच 10 वॉट लागतात, वरचं नुकसान वेगळं.

म्हणून मला पल्स्ड प्लाझ्मा थ्रस्टर मनापासून आवडतो. टेफ्लॉनची एक वडी, तिला मागून ढकलणारी स्प्रिंग, दोन इलेक्ट्रोड आणि वीज साठवणारा कपॅसिटर. कपॅसिटर थोड्याशा विजेवर सावकाश चार्ज होतो, मग ठिणगी पडते, टेफ्लॉनचा अगदी पातळ थर उडून त्याचा प्लाझ्मा होतो आणि स्वतःच्याच करंटच्या चुंबकीय क्षेत्राने बाहेर फेकला जातो. हलणारा भाग म्हणजे ती स्प्रिंग, बाकी टाकी नाही, पाइप नाही. 1964 मध्ये सोव्हिएत झोंड-2 यानावर हे वापरलं गेलं होतं.

वीज जरा जास्त असेल तर इंधन म्हणून आयोडीन. नेहमीच्या झेनॉन गॅसला जाड, जास्त प्रेशरची टाकी लागते, आयोडीन मात्र घन. गरम केलं की पातळ न होता थेट वाफ होते, हीटर बंद केला की नळीतच पुन्हा गोठतं आणि वाट आपोआप बंद! धातूंना ते खातं ही कटकट आहेच. फ्रान्सच्या थ्रस्टमी कंपनीचा असा थ्रस्टर 2020 च्या नोव्हेंबरमध्ये एका चिनी सॅटेलाइटवर गेला, 20 किलोचा सॅटेलाइट, आणि त्याने ऑर्बिट खरंच बदलून दाखवलं. झोत बाहेर पडतो तेव्हा सोबत इलेक्ट्रॉनही सोडावे लागतात, नाहीतर सॅटेलाइट निगेटिव्ह चार्ज होतो आणि गेलेले आयन मागे ओढायला लागतो.

आता मूळ प्रश्न, एवढ्या जोराचा उपयोग काय. काम संपल्यावर ऑर्बिट खाली आणून सॅटेलाइट जाळून टाकणं हा एक (अमेरिकेच्या एफसीसीने, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामक संस्थेने, 2022 मध्ये त्यासाठी पाच वर्षांची मर्यादा घातली, माझ्या मते योग्यच), आणि त्याहून महत्त्वाचा म्हणजे धडक चुकवणं. समजा उद्या याच वेळी कशाच्या तरी फार जवळून जायचंय असा इशारा आला. आत्ता प्रवासाच्या दिशेत वेग सेकंदाला फक्त एक सेंटिमीटरने बदलला तरी उद्यापर्यंत तुम्ही त्या मार्गावर अडीच किलोमीटर पुढेमागे झालेले असता. आणि 10 किलोच्या सॅटेलाइटला एवढा बदल द्यायला एका मिलीन्यूटनला लागतात 100 सेकंद.