टीडीएस बसला, क्लोराइड नाही बसलं

कुलिंग टॉवरच्या मेकअपचा, म्हणजे त्यात भरायच्या ताज्या पाण्याचा, मीटर वाचून ऑपरेटर काका म्हणाले, "मॅडम, पाणी वाचवायला लाइन जोडली ना? मग आकडा वाढतोय कसा?"

लाइन मीच जोडून घेतली होती. फिल्टर प्रेसमधला केक (गाळून मागे उरलेला घट्ट थर) धुतलेलं पाणी, तासाला ५ घनमीटर, थेट ईटीपीला, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरणाला, जायचं. टीडीएस, म्हणजे विरघळलेले एकूण क्षार, ९०० पीपीएम, टॉवरमध्ये २,००० पर्यंत चालतो. एका कामाचं पाणी दुसऱ्या कामाला कितपत चालेल ते दाखवणाऱ्या पिंचच्या आलेखावर सगळं छान बसलं.

ही पद्धत मँचेस्टरच्या वँग आणि स्मिथ या संशोधकांनी १९९४ साली मांडली. प्रत्येक कामाला आत येताना आणि बाहेर पडताना पाणी जास्तीत जास्त किती खराब चालेल, ते लिहायचं. सगळ्यांचा मिळून एक आलेख काढायचा. ताज्या पाण्याची रेषा त्याला खालून जिथे टेकते, तो पिंच. त्यांच्या चार प्रक्रियांच्या उदाहरणात ताशी ११२.५ टनांची गरज ९० टनांवर येते. पण तिथे दूषित घटक एकच आहे! त्याच लेखात पुढे रिफायनरीचं उदाहरण येतं, हायड्रोकार्बन, हायड्रोजन सल्फाइड आणि मीठ असे तीन घटक धरून. तो भाग मी नीट वाचायला हवा होता.

आमच्या केकच्या पाण्यात क्लोराइड ३०० पीपीएम होतं. कंडेन्सरच्या स्टीलसाठी आम्ही टॉवरमध्ये २०० च्या वर जाऊ देत नाही. बाष्पीभवन तासाला २० घनमीटर, ताज्या पाण्यात क्लोराइड ४०. म्हणजे आधी २५ घनमीटर मेकअप आणि ५ ब्लोडाऊन (बाष्पीभवनात मागे साचणारे क्षार काढायला सोडून दिलेलं पाणी), एवढ्यात भागत होतं. नवं पाणी आत आल्यावर क्लोराइड २०० वर धरायला ब्लोडाऊन १३ वर गेला आणि ताजं पाणी २८ वर. ५ घनमीटर फुकटचं पाणी घेऊन ३ घनमीटर जास्तीचं विकत घेत होतो आम्ही.

आता प्रत्येक घटकाचा आलेख वेगळा काढते. टीडीएसचा पिंच एकीकडे, क्लोराइडचा दुसरीकडे, सीओडीचा (सेंद्रिय घाणीचं माप) तिसरीकडेच. त्यातला सगळ्यात कडक निवडला की झालं, असंही होत नाही, कारण एका कामातून पाणी गेलं की तिन्ही आकडे एकदम बदलतात, आणि तेही वेगवेगळ्या प्रमाणात. तीनपेक्षा जास्त प्रवाह असले की मी सरळ सॉल्व्हरला, म्हणजे गणित सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरला, बसते. आलेख मात्र सोडत नाही. नेमकं कुठे अडतंय ते त्यातच दिसतं.

टॉवरची लाइन तोडली. ते पाणी आता ईटीपीत चुना कालवायला जातं, तिथे क्लोराइडने काही अडत नाही. उरलेलं पुढच्या बॅचच्या केकच्या पहिल्या धुण्याला. काकांनी मीटरशेजारी खडूने २५ लिहून ठेवलंय.