पाटी विलीजची, चासी फोर्डची

वडिलांच्या पश्चात जीप माझ्या नावावर करायची, काम एवढंच. त्यासाठी आरटीओत चार खेपा झाल्या, त्याही एका आकड्यापायी.

आमच्या घरी तिला सगळे 'विलीज'च म्हणायचे. आरसी बुकात मेक विलीज, ग्लोव्हबॉक्सच्या झाकणावरच्या पाटीवरही विलीजच. मिस्त्री मात्र बंपरमागे वाकून नुसते हसले. "भाऊ, ही फोर्ड हाय." रेडिएटरखालची आडवी दांडी गोल नळीची असेल तर विलीज एमबी, उलट्या पन्हळीसारखी असेल तर फोर्ड जीपीडब्ल्यू. आमची पन्हळ. दोन्ही दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी जीपा. युद्धात मागणी एवढी होती की विलीजचाच आराखडा फोर्डलाही दिला गेला, आणि फोर्डने पावणेतीन लाखांवर गाड्या बनवल्या. लष्कराच्या कागदांत तिचं नाव 'पाव टनी ट्रक'! फोर्ड आपल्या बोल्टांवरही 'एफ' उमटवायची. तो दिसला तेव्हा कुठे मी मान्य केलं.

पाटी असते टबाला, म्हणजे वरच्या पत्र्याच्या बॉडीला, आणि टब बदलता येतो. खरा नंबर चासीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर. विलीजचा पुढच्या टोकाशी आतून रिव्हेट केलेल्या पट्टीवर असतो. फोर्डचा मात्र डाव्या लांब दांडीच्या माथ्यावर, इंजिनच्या माउंटिंगजवळ, थेट लोखंडात ठोकलेला, दोन्ही टोकांना चांदणी.

तर आरटीओने मागितली पेन्सिल प्रिंट, म्हणजे चासी नंबरचा कागदावर घेतलेला ठसा. कागद लावून घासला, चांदणी उमटली, मी खूश. खिडकीवर सांगितलं, "नंबर जुळत नाही." बुकात शेवटून दुसरा आकडा इंग्रजी तीन, प्रिंटमध्ये आठ. म्हटलं, गंज आहे हो. "मग पाटीवरचा नंबर आणा." पाटी दुसऱ्या गाडीची आहे, हे मी तीन वेळा सांगितलं. तिसऱ्यांदा तर त्यांनी मान वर करून बघितलंही नाही. पुढच्या खेपेला वेगळी खिडकी, तोच शेरा. त्याच्या पुढच्या खेपेला साहेब रजेवर. घरी येऊन गाडीवरच राग काढला.

शेवटी रॉकेल टाकून रात्रभर ठेवलं, सकाळी पितळी ब्रशने हलक्या हाताने साफ केलं. आठच्या डाव्या अंगाला गंजाचे दोन खड्डे होते. ते मोकळे झाले आणि तीन उघडा पडला. ग्राइंडर किंवा पॉलिश पेपर लावू नका. नंबर तर जाईलच, वर छेडछाडीचा संशय येईल.

आणि हो, सुरुवातीलाच सांगायला हवं होतं: मागे उघडणारं फळकं असेल आणि ग्रिलला नऊऐवजी सातच फटी असतील, तर ती युद्धातली नाही, नंतरची सीजे, म्हणजे नागरी जीप. इंजिनाच्या नंबरावरही विसंबू नका, आमचं एमबीचं निघालं.

चौथ्या खेपेला इन्स्पेक्टर स्वतः बॉनेटखाली वाकले. बोटाने आकडा चाचपला, "तीनच आहे की," म्हणाले आणि सही केली. मेक मात्र अजून विलीजच आहे. त्याच्या दुरुस्तीसाठी वेगळा अर्ज लागतो म्हणे.