चढणीचा वॉलाय आणि बाहेरून लागलेला गळ

माझा एक सहकारी मूळचा मिनेसोटाचा. मार्चमध्ये माझ्या गाडीत वेडर्स (पाण्यात उभं राहायची बुटांसकटची जलरोधक पँट) दिसले की तो सुरू होतो. "अंड्यावर आलेला मासा धरायचा? तुम्हा ओहायोवाल्यांना काही वाटतं की नाही?" त्याच्या राज्यात वॉलाय या गोड्या पाण्यातल्या माशाची मासेमारी फेब्रुवारीच्या अखेरीला बंद होते ती थेट मेच्या मध्यावर उघडते. इकडे टोलेडोजवळ मॉमी नदीत नेमक्या त्याच आठवड्यांत लोक खांद्याला खांदा लावून कमरेएवढ्या पाण्यात उभे असतात. त्यांत मीही.

त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. बर्फ वितळून पाणी ४२ ते ५० अंश फॅरनहाइटच्या घरात आलं की ईरी सरोवरातला वॉलाय नदी चढायला लागतो. नर आधी येतात आणि बराच काळ मुक्काम ठोकतात. मादी येते, रात्रीच्या वेळी गोट्यांवर लाखांनी अंडी सोडते आणि मागे फिरते. घरटं नाही, राखण नाही. मोहरीएवढी ती अंडी गोट्यांच्या फटींत पडतात, आणि आम्ही बूट घालून उभे असतो ते त्याच गोट्यांवर. या बुटांच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पण 'अंड्यावरचा मासा मारू नये' एवढ्यावर तो थांबला की मी वाद घालतो. मादीच्या पोटात अंडी मार्चमध्ये अचानक उगवत नाहीत. ती शरद ऋतूपासूनच भरत असतात. फेब्रुवारीत बर्फाला भोक पाडून धरलेल्या मादीची अंडीही वायाच जातात; तेव्हा कुणाला पाप आठवत नाही. जुलैत मारलेली मादी तरी पुढच्या वसंतात कुठे नदी चढणार असते? म्हणजे हिशेब महिन्याचा नाही, आकड्याचा आहे. ईरीपुरता तो आकडा पाहिला जातो. दर वर्षी ग्रेट लेक्स फिशरी कमिशनची लेक ईरी समिती वर्षाचा कोटा ठरवते, तो ओहायो, मिशिगन आणि ऑन्टारियोत वाटला जातो, ओहायोच्या वाट्याला निम्म्याच्या आसपास येतो. माणशी दिवसाला ६ मासे, १५ इंचांखालचा ठेवायचा नाही. शिवाय वॉलायची पैदास त्या वसंतातल्या हवेवर फार अवलंबून असते. २००३ची पिढी प्रचंड निघाली, मग बरीच वर्षं यथातथाच, आणि पुढे २०१५, २०१८, २०२१ला पुन्हा मुबलक. मॉमीत गळ टाकणारे तर दर वर्षी होतेच.

छोट्या तळ्याची गोष्ट निराळी. तिथे अख्ख्या तळ्यातला वॉलाय एका ओढ्याच्या तोंडाशी गोळा होतो, आणि दहा-बारा माणसं ठरवून बसली तर तळं रिकामं करतील. तिथे बंदी हवीच. मिनेसोटाचा नियम मिनेसोटाला शोभतो.

मला खरा त्रास होतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. मॉमीत बहुतेक जण शिशाचं वजन, त्याच्यामागे हातभर किंवा त्याहून लांब लीडर (वजन आणि गळ यांच्यामधला दोरीचा तुकडा) आणि टोकाला तरंगणारं जिग (गळ बसवलेलं आमिष) असं बांधतात. प्रवाहात ती लांब दोरी आडवी वाहते. मासा श्वासासाठी तोंड उघडमीट करत असतो. दोरी त्या तोंडातून सरकते, आपण झटका दिला की गळ येऊन जबड्याला बाहेरून बसतो. माशाने काही खाल्लेलंच नसतं. नियम स्पष्ट आहे: १ मार्च ते १ मे एकच गळ, तोही लहान, सूर्योदय ते सूर्यास्त एवढाच वेळ, आणि गळ तोंडाच्या आत लागला नसेल तर मासा तत्काळ सोडायचा. बाहेरून लागला असेल तर गळाचं टोक आतल्या बाजूला निघालेलं दिसतं. कळायला काही अवघड नाही. तरी शेजारचा गडी आमच्याकडे पाठ करतो, दोन सेकंदांत गळ उपटतो आणि मासा दोरीत ओवतो. विचारलं तर, "तोंडातच होता की!"

मी लीडर जेमतेम दीड फुटाचा ठेवतो आणि दोरी प्रवाहाबरोबर वाहत जाऊन ताणली की शेवटी झटका देत नाही. मासे कमी मिळतात. चालायचंच.

दुसरा पेच आपल्या मंडळींचा. मी नदीवर जाणार म्हटलं की फोन येतात, "गाभोळीवाला आण रे!" जीभ माझीही मराठीच आहे, तव्यावरची गाभोळी मलाही आवडते. पण जाडजूड पोटाची मोठी मादी मी सोडतो. वर मीच म्हटलं की ती कुठल्याही महिन्यात मारली तरी तेच. खरं आहे. तरी अंडी टाकण्याच्या आदल्या दिवशी तिला घरी नेणं मला जमत नाही. याला तर्क म्हणा किंवा नका म्हणू. नर ओळखणं सोपं असतं, पोट हलकेच दाबलं की पांढरा चीक येतो. आकारानेही तो लहान. मी तेवढेच ठेवतो.

या विषयावर कुणी फार तावातावाने बोलायला लागलं की मला विस्कॉन्सिन आठवतं. तिथले ओजिब्वे हे मूळनिवासी लोक वसंतातल्या रात्री होडीतून दिव्याच्या उजेडात भाल्याने वॉलाय मारतात. १८३७ आणि १८४२च्या करारांत जमीन देताना त्यांनी हा हक्क राखून ठेवला होता. १९८३मध्ये न्यायालयाने तो मान्य केला. त्यानंतर काही वर्षं होडीच्या धक्क्यांवर जमाव जमून दगड आणि शिव्या फेकत होता. भाषा मासे वाचवण्याची. प्रत्यक्षात त्या लोकांचा मासा न् मासा धक्क्यावर मोजला जातो, आणि त्यात बहुतेक नर असतात. माझे मासे कुणी मोजत नाही. मासेमारीचे नियम तपासणारा एखादा वॉर्डन आला तर आला.

माझ्या हातात असतं तर मॉमीसाठी मार्च-एप्रिलपुरता एक नियम वाढवला असता: २० इंचांवरचा मासा सोडायचा. बहुतेक नर त्याच्या आतच येतात, त्यामुळे कुणाचं जेवण बुडत नाही. पाण्यात उभे असलेले निम्मे लोक बोंब मारतील. मारू देत.