खापरी मोडक्या कडेनं वाचावी : जुनापाणी ते टाकळघाट

नागपूरचा काटोल नाका ओलांडला की थोड्याच वेळात जुनापाणी येतं. लोक इथली दगडी वर्तुळं पाहतात, फोटो काढतात आणि परततात. आम्ही मात्र जमिनीकडे बघत फिरतो. जागा संरक्षित आहे, त्यामुळे खापरी, म्हणजे फुटक्या मातीच्या भांड्याचा तुकडा, दिसली तरी उचलायची नाही. जागेवरून हलली की तिची निम्मी माहिती गेलीच.

1879 साली ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नॅक यांनी या भागातल्या वर्तुळांवर लिहिलं आणि 1961-62 मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी जुनापाणीला उत्खनन केलं. ही वर्तुळं म्हणजे विदर्भातली लोहयुगीन दफनं. त्यांत हमखास सापडतं ते काळं-तांबडं भांडं : आतून आणि काठाला काळं, खाली बाहेरून तांबडं. दोन रंग फासलेले नाहीत, हा आगीचा खेळ आहे. भांडं भुशात पालथं ठेवून भाजलं, की आत हवा पोचत नाही आणि तिथं काळं राहतं. उघड्या बाजूला हवा मिळते, मातीतलं लोह तांबडं होतं. चुलीची काजळीही काळीच, पण ती वरवर बसते. भट्टीतला काळा रंग मोडक्या कडेतही आत शिरलेला दिसतो. म्हणून आधी कड बघायची. दोन तांबड्या थरांमध्ये राखाडी पट्टा असेल, तर आच कमी पडली किंवा लवकर विझली. अभ्रकाचे कण उन्हात चमकले, तर ती इथली दुसरी ओळखीची जात, अभ्रकी तांबडी भांडी.

काठाच्या तुकड्यावरून तोंडाची रुंदी काढताना मात्र भलेभले फसतात. कमानीच्या दोन टोकांमधलं सरळ अंतर 6 सेंमी आणि मधला फुगवटा 3 मिमी असेल, तर भांड्याचं तोंड साधारण 30 सेंमी रुंद. फुगवटा 4 मिमी मोजला की तेच 23 सेंमीवर येतं. एका मिलिमीटरनं परातीचं वाडगं होतं! इतक्या लहान तुकड्यावरून घरात किती माणसं जेवत होती हे सांगणाऱ्याकडे जरा संशयानंच बघावं.

दुसरा घोळ आपल्या काळ्या मातीचा. उन्हाळ्यात तिला हातहात भेगा पडतात, वरची बारीक खापरी त्यांतून खाली जाते आणि पावसात भेग मिटते. नुसत्या खोलीवरून काळ ठरवला तर फसगत ठरलेली.

वर्धा रोडनं बुटीबोरीच्या पुढे टाकळघाट लागतं. नागपूर विद्यापीठानं 1968-69 मध्ये इथं उत्खनन केलं. टाकळघाटला वस्ती, जवळच्या खाप्याला दफनं, आणि दोन्हीकडे काळी-तांबडी भांडी. तोवर वर्तुळं सापडत होती, ती रचणाऱ्यांची घरं कुठं हे कळत नव्हतं. तो धागा खापऱ्यांनी जोडला. धान्य साठवायचे जाड रांजण वस्तीत असतात. भटके लोक असे रांजण उचलून नेत नाहीत. अशा रांजणांचे तुकडे कुठल्याही वस्तीत किती निघतात, हे मी भांड्यावरच्या नक्षीच्या आधी मोजेन.