रूट ६६वरचा नाश्ता: बिल वाचा, आणि ओटमनच्या घाटाआधी खाण्यात हात आखडता घ्या

अल्बुकर्कीहून लॉस एंजेलिसकडे रूट ६६ हा अमेरिकेतला जुना महामार्ग धरून जाणार असाल तर "डायनरमध्ये (म्हणजे तिथल्या साध्या खानावळीत) पटकन नाश्ता करून निघा" हा सल्ला मनावर घेऊ नका. शनिवार-रविवारी पटकन काही होत नाही. दारात नाव नोंदवायचं, ताटकळायचं, मग बसायला मिळतं. सातच्या आत पोचलात तर ठीक.

आधी पैशांचं, कारण डोकं अजून तापलेलं आहे. न्यू मेक्सिकोतल्या एका डायनरमध्ये आमच्या दोन्ही गाड्यांतली मंडळी एकाच टेबलावर बसली. खाणं झालं साधारण दीडशे डॉलरचं. सिरपच्या बाटलीखाली पालथं ठेवलेलं बिल उलटलं, तर कराच्या वर बारीक अक्षरात १८ टक्के ग्रॅच्युइटी (म्हणजे टिपच), २७ डॉलर, आधीच लावलेली. सहा किंवा जास्त माणसं असली की बऱ्याच ठिकाणी अशी आपोआप टिप लावतात, त्याला माझी हरकत नाही. पण कार्डाच्या पावतीवर पुन्हा टिपची रिकामी ओळ, खाली १८, २०, २२ टक्क्यांचे तयार आकडे, आणि आधीची टिप घेतल्याचा चकार शब्द नाही! न बघता वीस टक्के भरले असते तर आणखी तीसेक डॉलर गेले असते. काउंटरवर विचारलं तर "तुमची इच्छा". ही सरळ लबाडी आहे. मोठा गट असेल तर पावती नाही, सविस्तर बिल मागा आणि मगच सही करा. एरवी टिप जरूर द्या, वीस टक्के द्या. टिप मिळणाऱ्या वाढप्यांचं केंद्रीय किमान वेतन तासाला अवघं २.१३ डॉलर आहे. न मागता तुमचा जाड पांढरा मग पुन्हा पुन्हा भरणाऱ्या बाईंचं पोट टिपवरच चालतं. कॉफीच्या त्या फेऱ्या फुकट, ज्यूसचा दुसरा ग्लास मात्र सहसा बिलात येतो.

शाकाहारी असाल तर काउंटरच्या स्टुलावर बसा. तिथून तवा दिसतो. बेकनची चरबी जिथे सुटते तिथेच हॅश ब्राउन (किसलेला बटाटा) उलटवतात. वेगळ्या पॅनमध्ये करून द्या म्हणावं, गर्दी नसेल तर देतात. बिस्किट्स अँड ग्रेव्ही (बिस्किट म्हणजे इथे मऊ पाव) घेतलं तर त्याच्या पांढऱ्या रश्शात सॉसेज असतं. बीन्समध्येही डुकराची चरबी असू शकते, विचारून घ्या. टोस्ट आणि फळं बिनधास्त. पॅनकेकच्या पिठात मात्र सहसा अंडं असतं, आणि तेही बहुधा त्याच तव्यावर होतात.

न्यू मेक्सिकोतून ॲरिझोनात शिरताना उन्हाळ्यात एक तास मिळतो, कारण ॲरिझोना घड्याळ पुढे करत नाही. उलट दिशेने येणाऱ्यांचा तोच तास जातो, आणि नाश्त्याचे बरेच डायनर दुपारी दोनला बंद होतात. ॲरिझोनातलं सेलिगमन गाव छान आहे, फोटो काढा, पुढे चला.

आता खरं दुखणं. त्यापुढच्या किंगमन शहरात भरपेट खाऊन ओटमन या डोंगरातल्या जुन्या गावाच्या रस्त्याला लागू नका. अंतर जेमतेम २८ मैल, पण वाटेतला कूल स्प्रिंग्जचा थांबा सोडल्यावर सिटग्रीव्ह्ज खिंडीपर्यंत आणि पलीकडे उतरताना वळणावर वळण. रस्ता अरुंद, बहुतेक ठिकाणी कठडा नाही, आणि समोरून मोटरसायकलींचे जथेच्या जथे. वरंधा घाटात गाडी चालवलेल्यांनाही इथे हात घट्ट धरावा लागेल. मागच्या सीटवर तीन थरांचे पॅनकेक खाल्लेली मुलं बसली असतील, तर पुढचं सांगायला नको. चालवणाऱ्याने अंडं-टोस्टवर थांबावं, मुलांना निम्मंच द्यावं, उरलेलं डब्यात घालून घ्यावं. डबा मागितला की देतात, त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

चाळीस फुटांहून लांब गाडीला या रस्त्यावर बंदी आहे, तेव्हा मोठी आरव्ही (राहायची सोय असलेली गाडी) असेल तर मुकाट्याने आय-४० हा मोठा महामार्ग घ्या. आणि टाकी किंगमनलाच फुल करा. कोलोरॅडो नदी ओलांडून नीडल्सला पोचलात की पेट्रोलचे कॅलिफोर्नियातले चढे भाव सुरू होतात, आणि जुलैत तिथे पंपावर उभं राहणंही सोसत नाही.