'बाजी' म्हणाला आणि अडला

दुभाष्याला स्वतःचा 'मी' नसतो. समोरचा 'मला मारलं' म्हणाला की आपणही 'मला मारलं' असंच म्हणायचं. 'ते म्हणतात की' वगैरे जोडायचं नाही. ब्रिटनमध्ये आश्रयाच्या मुलाखतींना उर्दूची दुभाषी म्हणून बसायला लागले तेव्हापासून हे अंगवळणी पडलंय. त्या दिवशी मात्र तो 'मी' जड गेला.

मुलगा पाकिस्तानातला, पंचविशीचा. (ओळख पटेल असं काही इथे ठेवलेलं नाही.) समलिंगी म्हणून घरच्यांपासून जिवाला धोका, असा अर्ज. तिथे कलम ३७७ अजून लागू आहे, जन्मठेपेपर्यंत शिक्षा. इंग्रजांनी १८६० मध्ये लिहिलेलं तेच कलम, आकडासुद्धा तोच. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने २०१८ च्या सप्टेंबरात सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून सोडवलं. आणि हा त्या कलमापासून आसरा मागायला इंग्रजांच्याच दारात. असो.

१९५१ च्या निर्वासित करारात लैंगिकतेचा उल्लेखही नाही. 'विशिष्ट सामाजिक गट' या मोघम शब्दांतून अशा अर्जांना वाट मिळते. पूर्वी इथे 'परत जा, गुपचूप राहा' असं सांगून माणसं परत धाडत. २०१० मध्ये इराण आणि कॅमेरूनच्या दोघांच्या खटल्यात इथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते मोडून काढलं: छळाच्या भीतीने लपून जगावं लागत असेल, तर त्याला संरक्षण द्यायलाच हवं. २०१४ मध्ये युरोपीय न्यायालयाने शरीरसंबंधांचे तपशील विचारायला आणि चित्रफिती पुरावा म्हणून घ्यायला मनाई केली. चांगलंच झालं. पण मग तपासायला उरतं मन. 'स्वतःबद्दल पहिल्यांदा कधी जाणवलं? तेव्हा काय वाटलं?'

मी हे उर्दूत विचारलं आणि तो गप्प झाला. मारहाणीचं त्याने भराभर सांगितलं होतं. आता मान खाली. टेबलाच्या कडेची प्लास्टिकची पट्टी उचकटलेली होती. ती तो अंगठ्याने दाबून बसवायचा, बोट काढलं की ती पुन्हा वर यायची. अधिकारी बाईंनी प्रश्न फिरवून विचारला.

"दोस्त था."

मी 'मित्र होता' असं इंग्रजीत सांगितलं. त्यांनी टाइप केलं. फक्त मित्र?

"दोस्त था, बस."

त्याच्या मनातलं सांगणं माझं काम नाही. पण शब्दाबद्दल बोलता येतं. म्हणून दुभाषी म्हणून एवढंच नोंदवलं, की 'दोस्त' या शब्दात मित्रापलीकडचंही नातं मावू शकतं. बाईंनी मान डोलावली.

तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं. "बाजी, आपके सामने कैसे कहूँ?"

खोलीत उच्चारलेला प्रत्येक शब्द पोचवायचा असतो. म्हणून मी इंग्रजीत म्हणाले, 'ताई, तुमच्यासमोर कसं सांगू?' ती ताई मीच, आणि सांगणारीही मीच.

पुरुष दुभाषी हवा का, असं बाईंनी विचारलं. "नहीं, नहीं!" तो इतक्या घाईने म्हणाला की मला उमगलं, पुरुष आला असता तरी तोही उर्दूच बोलला असता. त्या भाषेतले यासाठीचे शब्द त्याच्या वाट्याला शिव्या म्हणूनच आलेले. मघाशी मी 'हमजिन्सपरस्त' (समलिंगी) हा त्यातल्या त्यात सभ्य शब्द वापरला, तेव्हाही तो दचकला होता.

मग तो बाईंकडे वळला आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "आय लव्ह हिम. फोर इयर्स."

मी पेन उचललंच नाही. बाईंनी टाइप केलं, थोडं थांबल्या आणि पुढचा प्रश्न विचारला. तो पुन्हा माझ्याकडे पाहू लागला, आणि नंतरचं सगळं उर्दूतच सांगितलं. न अडखळता.

निकाल दुभाष्यापर्यंत येत नाही. अर्जदाराबरोबर बाहेर पडायचं नाही हा माझा शिरस्ता, म्हणून दहा मिनिटं मी तिथेच बसले. पट्टी मीही दाबून पाहिली. बसत नव्हती.