तुम्ही विचारलंत म्हणून: मेडिकल असिस्टंटच्या डिग्रीसाठी कर्ज काढावं का?

न्यू जर्सीत मराठी मंडळाचा कुठलाही कार्यक्रम असो, जेवणाच्या रांगेत कुणीतरी मला गाठतंच. "ताई, तुम्ही मेडिकल असिस्टंट ना? माझं ईएडी, म्हणजे कामाचं परमिट, आलंय. एका कॉलेजात दोन वर्षांची असोसिएट डिग्री आहे. कर्ज काढून करू का?"

माझं उत्तर: बहुतेकींनी करू नये. नोकरी जरूर करा, तिच्यासाठी डिग्रीचं कर्ज नको.

आमचं काम म्हणजे पेशंटला आत घेणं, बीपी, वजन, ताप बघून कॉम्प्युटरवर भरणं, ईकेजी (आपला ईसीजी) काढणं, डॉक्टर सांगतील ती मदत करणं, आणि उरलेला दिवस इन्शुरन्स कंपनीच्या फोनवर ताटकळत औषधाची मंजुरी मागणं. (हे शेवटचं काम कॉलेजच्या माहितीपत्रकात सापडत नाही.) माणसं घेताना दवाखाने बघतात ते तुम्ही सर्टिफाइड आहात का. सीएमएच्या (सर्टिफाइड मेडिकल असिस्टंटच्या) परीक्षेला बसायला साधारणपणे मान्यताप्राप्त प्रोग्राम केलेला लागतो, पण तो वर्षभराचा सर्टिफिकेट कोर्स असला तरी चालतो. परीक्षा तीच, नावापुढची अक्षरं तीच. केंद्रीय श्रमखात्याची आकडेवारीसुद्धा या कामाला लागणारं शिक्षण म्हणून डिग्री धरत नाही, सर्टिफिकेटच धरते. त्याच आकडेवारीत मे 2023 मध्ये मेडिकल असिस्टंटचा मध्यम वार्षिक पगार (निम्म्यांना याहून जास्त, निम्म्यांना कमी) 42,000 डॉलर होता. म्हणजे ताशी वीसच्या आसपास. कृपा करून याला रुपयांत गुणू नका. घरभाडं डॉलरमध्येच द्यायचंय.

आता कर्ज. लग्न झालेल्या विद्यार्थिनीला सरकार 'स्वतंत्र' (आईवडिलांवर अवलंबून नसलेली) धरतं, त्यामुळे तिला पहिल्या वर्षी 9,500 आणि दुसऱ्या वर्षी 10,500 डॉलरपर्यंत सरकारी कर्ज मिळू शकतं. पूर्ण उचललंत तर 20,000. 2024-25 चा व्याजदर 6.53 टक्के होता. त्या दराने दहा वर्षं फेडायचं तर महिन्याला साधारण 227 डॉलर, आणि शेवटी एकूण सव्वासत्तावीस हजारांच्या वर. शिक्षण खात्याच्या 2023 च्या नियमांत एक माप होतं: वर्षभराचे हप्ते कमाईच्या आठ टक्क्यांच्या आत असावेत. 42,000 चे आठ टक्के म्हणजे महिन्याला 280. तेव्हा कागदावर तुम्ही पास होता. कॉलेजवाले हेच गणित दाखवतात, आणि ते खोटंही नाही.

त्यात एक रक्कम धरलेली नसते. सर्टिफिकेट केलेली बाई दुसऱ्या वर्षी पगार घेत असते, तुम्ही त्या वर्षी फी भरत असता. सुरुवातीचा पगार कमी म्हणून 35,000 च धरा, तरी तुमचा मोठा खर्च फी नव्हे, हा बुडालेला पगार आहे. आणि वर्षभराने तुम्ही दोघी एकाच दवाखान्यात, बहुधा एकाच पगारावर.

आपल्यापैकी अनेकींची गाडी तर याच्याही आधी अडते. सरकारी कर्ज ग्रीन कार्डवालीला मिळतं, एच-4 वालीला (नवऱ्याच्या एच-1बी व्हिसामुळे इथे आलेलीला) नाही, मग ईएडी असो वा नसो. तिच्यापुढे उरतं खाजगी कर्ज, आणि त्याला बहुतेकदा नवऱ्याची किंवा इथल्या एखाद्या नातेवाइकाची सही लागते. पेल ग्रँट ही सरकारी मदत फेडावी लागत नाही, 2024-25 मध्ये ती कमाल 7,395 डॉलर होती. पण बॅचलर डिग्री झालेल्याला ती मिळत नाही, आणि पुण्याची बी.एस्सी.सुद्धा त्यात धरली जाते. ग्रँटच्या भरवशावर बजेट मांडणाऱ्या कितीतरी जणींना हे अर्ज भरताना कळतं.

शिक्षण खात्याचं 'कॉलेज स्कोअरकार्ड' जरूर बघा. कॉलेजचं नाव टाकलं की त्या त्या कोर्सची मध्यम कमाई आणि मध्यम कर्ज दिसतं. पण त्यातलं कर्ज सरकारी कर्ज असतं. खाजगी कर्ज किंवा कॉलेजचेच हप्ते तिथे येत नाहीत, म्हणून आकडा लहान दिसला तर लगेच हुरळून जाऊ नका. नफ्यासाठी चालणाऱ्या कॉलेजांबाबत तर दुप्पट सावध राहा. कोरिंथियन कॉलेजेस ही कंपनी असे बरेच कोर्स चालवायची. ती 2015 मध्ये बंद पडली आणि 2022 मध्ये सरकारने तिच्या 5,60,000 कर्जदारांचं 5.8 अब्ज डॉलरचं कर्ज माफ केलं. मधली सात वर्षं त्या लोकांनी कशी काढली असतील, त्याचा हिशेब कुठल्याच तक्त्यात नाही.

मग दोन वर्षं द्यायचीच असतील तर? तर मला नर्सिंग दिसतं. कम्युनिटी कॉलेजमधली नर्सिंगची असोसिएट डिग्रीही दोन वर्षांचीच, आधीचे विषय धरले तर तीन. प्रवेश अवघड, अभ्यास दमवणारा, क्लिनिकलच्या दिवशी मुलांना कोण बघणार हा प्रश्न वेगळाच. पण आरएनचा (रजिस्टर्ड नर्सचा) मध्यम पगार मे 2023 मध्ये 86,070 डॉलर होता, आमच्या दुपटीहून जास्त. मेडिकल असिस्टिंगची क्रेडिट्स नर्सिंगला लागू होतीलच असं नाही. ॲनाटमी-फिजिऑलॉजी आणि मायक्रोबायोलॉजीची शक्यता जास्त, कोर्सच्या खास विषयांची कमी. सही करण्याआधी ॲडव्हायझरकडून नेमकी यादी लेखी मागा.

बीएचएमएस, बीडीएस होऊन आलेल्या मुलीही विचारतात, आणि त्यांना विचारताना संकोच वाटतो हे मला दिसतं. त्यांनी तर ॲनाटमी पुन्हा शिकायला एक डॉलरही कर्ज काढू नये. काही दवाखाने सर्टिफिकेट नसतानाही माणूस घेतात, विशेषतः मराठी, हिंदी, गुजराती बोलणारे पेशंट असले तर. सीसीएमए या मेडिकल असिस्टंटच्या दुसऱ्या सर्टिफिकेशनच्या परीक्षेला कामाच्या अनुभवावरही बसता येतं. आधी वर्षभर पगार घ्या, मग परीक्षेची फी त्यातूनच भरा. काही मालक तीही देतात, मुलाखतीत विचारायला लाजू नका.